उभं राहून राहिलं

१

गाडी उभी केली की माझी तीन कामं ठरलेली असतात. आधी पाणसळ: चारही जॅक वर-खाली करून टेबलावरच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणायचा. मग बूथमध्ये बसून आपल्याच कानांची चाचणी घ्यायची, कारण कालच्या रस्त्यानं यंत्राला कुठे धक्का लागलाय ते आपल्या कानांइतकं लवकर दुसरं कोणी सांगत नाही. आणि शेवटी कपाट आवरायचं.

गाडी म्हणजे सोळा फुटांचा ट्रेलर. कोणा हौशी माणसानं प्रवासासाठी बनवून घेतलेला. मला तो अकोल्याच्या भंगारबाजारात, कमरेएवढ्या गवतात सापडला. आम्ही त्यातला ओटा काढला, पलंग काढला. मागच्या भागात माझं टेबल आणि यंत्र मांडलं. पुढे, जिथे झोपायची जागा होती, तिथे भिंतींना जाड फोम लावून बाहेरचा आवाज अडवणारा बूथ केला. दोन्हींच्या मध्ये दुहेरी काचेची खिडकी. जुन्यातलं कपाट तेवढं राहिलं, तेही बूथमध्येच. छताचा एक आडवा पट्टा त्याच्यावर टेकलेला होता, त्यामुळे ते काढता येईना. साडेपाच फूट उंच, दोन फूट रुंद, आत कपडे टांगायची आडवी दांडी. मी त्यात एप्रन, चादरी आणि हेडफोन टांगते.

मँचेस्टरहून शिकून परत आले तेव्हा वडिलांनी अमरावतीला राजापेठेत माझ्या दवाखान्यासाठी जागा बघून ठेवली होती. ते वकील आहेत, पक्का पत्ता असलेली कामं त्यांना आवडतात. मी म्हटलं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना हाका मारून काय उपयोग, आपणच जायला हवं. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. त्यात चूक आहे असं मला आजही वाटत नाही. गाडीवर मी ठसठशीत अक्षरांत ‘श्रवणसेवा’ रंगवून घेतलं. गावोगाव तिला कानगाडी म्हणतात.

त्या सोमवारी आम्ही धामणगाव रेल्वेहून कौंडण्यपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, बाजाराच्या मैदानावर गाडी लावली. बाजार गुरुवारचा, म्हणजे बुधवार संध्याकाळपर्यंत मैदान आमचं. ट्रेलर ओढणारी पिकअप बंडूभाऊंची. त्यांनी जॅक लावले, मी कपाट उघडलं. दांडी एका बाजूनं निसटून तिरपी लटकत होती. एप्रन आणि चादरी खाली ढिगात.

“रस्त्यानं जीव घेतला तिचा,” बंडूभाऊ डोकावून म्हणाले. “मानसाची कंबर राहत नाही, दांडीचं काय घेऊन बसल्या.”

मी निसटलेली लोखंडी वाटी उचलली, दांडीचं टोक जिच्यात बसतं ती. तिचे दोन्ही स्क्रू पातळ प्लायमधून उपटून आले होते. यात नवल नव्हतं. मग मी प्लायवरची भोकं पाहिली. टांगलेल्या वजनानं स्क्रू निघाला की भोक खाली फाटत जातं. ही दोन्ही वर फाटली होती.

खड्ड्यात गाडी आदळली की दांडी वर उडणार, हे उघड होतं. मी तसं मनाशी म्हटलं आणि हेडफोन पुसायला घेतले.

२

दुपारी शकुनताई आल्या. तिशीच्या आतली बाई, मांडीवर बसायचं वय गेलेली मुलगी कडेवर घेतलेली. मुलगी स्वराली, सहा वर्षांची. ती बोलत नव्हती.

“तिले आयकू येते, मॅडम,” शकुनताई बसायच्या आधीच म्हणाल्या. “कमी येते, पण येते. घरी कोनी मानत नाही. ताट पडलं तं दचकते थे.”

ताट पडलं की जमीन हलते आणि बहिरं मूल पायांनी दचकतं, हे मी सांगितलं नाही. त्यांनी पिशवीतून एक फॉर्म काढला. अमरावतीच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेचा, पूर्ण भरलेला.

“माहे भासरे, मालकाचे मोठे भाऊ, बुधवारी संध्याकाळी येतीन कागद न्यायले. शाळा वाईट आहे असं मी म्हनत नाही. पन हे एवढीशी. रात्री हात लावून पाहते, माय आहे का नाही म्हनून. थोडंसंही आयकू येते असा कागद तुमी देल्ला, तं मशीन लावून माह्यापाशी राहीन.”

“आपण तपासू,” मी म्हटलं. “जे असेल तेच लिहीन.”

“तेच लिहा. मी कुठं खोटं लिहा म्हनलं?”

लहान मुलांची चाचणी खेळासारखी असते. हेडफोनमध्ये आवाज आला की मुलानं एक चिंचोका उचलून वाटीत टाकायचा. वाटीच्या तळाशी कापड, म्हणजे टाकल्याचा आवाज होत नाही. मी काचेच्या अलीकडे यंत्रापाशी, मूल पलीकडे. बूथमधला पंखासुद्धा बंद ठेवावा लागतो. बाहेर त्रेचाळीस अंश तापलेलं असताना पाच-सहा मिनिटांच्या वर कोणाला आत ठेवता येत नाही.

मी खुणांनी दाखवलेला खेळ स्वरालीला एका फेरीत कळला. मी हळू आवाजापासून सुरुवात केली आणि चढत गेले. मोठ्यात मोठ्या आवाजापर्यंत, ज्यानं तुम्ही-आम्ही हेडफोन फेकून दिला असता, ती नुसती बसून होती. दोन्ही कान. मी कळ सोडली, पेन उचललं.

तिनं चिंचोका वाटीत टाकला.

मी काहीही वाजवलं नव्हतं. मुलं कंटाळली की असं करतात. मी थांबले. थोड्या वेळानं तिनं दुसरा टाकला, मग तिसरा. उगाच टाकणारं मूल आपल्या तोंडाकडे बघतं, बरोबर केलं का विचारतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. टाकण्यापूर्वी दर वेळी ती श्वास रोखून घ्यायची.

काचेला नाक लावून उभ्या असलेल्या शकुनताई म्हणाल्या, “पाहा. म्या सांगतलं होतं.”

मला कपाटातली तुटकी दांडी आठवली. ती प्लायवर घासत असणार, तो कंप फळीतून खुर्चीत येत असणार. “उद्या पुन्हा घेऊ,” मी म्हटलं. “आधी मला ते कपाट दुरुस्त करायला हवं.”

३

सुतार त्याच संध्याकाळी धामणगावहून आला. खुशालराव, साठीचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या फळ्या आणि लग्नातली कपाटं अशी दोन्ही कामं करणारा. त्यानं आल्या आल्या प्लायवर बोटाची टिचकी मारली.

“हे काय, पापड लावला का? याले आतून गुटका लावा लागते.”

मी म्हटलं, “गुटखा गाडीत चालणार नाही.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “लाकडाचा गुटका, मॅडम. ठोकळा. खाचा नाही, ठोकाचा.” बंडूभाऊ बाहेर बराच वेळ हसत होते.

मग त्यानं विजेरी लावून भोकं पाहिली. एकात करंगळी घातली, वरच्या फाटलेल्या कडेवरून फिरवली. चष्मा कपाळावर सरकवून तो थोडा वेळ कपाटाच्या आत, खालच्या फळीकडे बघत राहिला.

“हे वजनानं नाही फाटलं,” तो म्हणाला. “आतून कोनी उभं राहून राहिलं.”

“आधीच्या मालकाची मुलं असतील,” मी म्हटलं. “लपाछपी खेळताना आत उभी राहत असतील.”

त्यानं पिशवीतून करवत काढली. तीन तास काम केलं, आणि फार चांगलं काम केलं. दोन्ही बाजूंना सागाचे ठोकळे गोंद लावून बसवले. चारही कोपऱ्यांत लोखंडी अँगल. दांडीच्या वाट्या आता प्लायला नव्हत्या. नटबोल्ट ठोकळ्यांतून आरपार जाऊन ट्रेलरच्या बाहेरच्या पत्र्यावर रुपयापेक्षा मोठ्या वायसरींनी आवळले होते. जुनी पोकळ दांडी टाकून त्यानं एक इंची लोखंडी पाइप बसवला. दाराला दोनाच्या जागी तीन बिजागऱ्या, आणि बाहेरून जाड चिटकनी.

“आता म्हैस टांगा,” बंडूभाऊ पाइपला लोंबकळून म्हणाले.

खुशालरावनं हत्यारं पिशवीत भरली. बोल्टांचा पाना तेवढा टेबलावरच ठेवला. मी तो उचलून द्यायला गेले तर म्हणाला, “असू द्या. लागन तुमाले.”

४

मंगळवारी अकरा वाजता बूथ पूर्वी कधीच नव्हता इतका शांत होता. आवाज मोजायचं यंत्र मी खुर्चीवर ठेवून पाहिलं. आकडा पाहून मला अभिमान वाटला.

स्वराली आत बसली. मी हेडफोन लावले, दार बंद केलं आणि काहीच वाजवलं नाही. घड्याळ लावून चार मिनिटं नुसती बसून राहिले.

सात चिंचोके.

तिसऱ्यानंतर तिनं खुर्ची वळवून कपाटाकडे तोंड केलं होतं. मला तिची पाठ आणि दोन वेण्या दिसत होत्या. चिंचोका उचलताना ती वाटीकडे बघतसुद्धा नव्हती.

मी आत गेले, दार ओढून घेतलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. ओल्या गोंदाचा वास कोंडला होता. पूर्ण शांत जागेत बसलं की आधी आपलं रक्त ऐकू येतं, मग मानेचे मणके. तेवढं मला आलं. त्यापलीकडे काही नाही. माझे कान उत्तम आहेत, मी ते रोज तपासते. कपाटाच्या दाराला तळवा टेकवला. कंप नव्हता, दार नुसतं तापलेलं होतं.

स्वराली माझ्याकडे बघत होती. आईला चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही तेव्हा मुलं बघतात, तसं. तिनं एक चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला, माझा हात वाटीवर धरला आणि वाट पाहायला लावलं. मग माझं मनगट दाबलं. आता टाक.

मी टाकला.

तिनं दुसरा दिला. पुन्हा थांबलो. पुन्हा दाबलं. आम्ही असे पाच टाकले. दोन टाकण्यांमधलं अंतर सारखं नव्हतं. ठोक्यांचं असतं तसं नाही. बोलण्यातल्या थांब्यांचं असतं तसं.

तेव्हा मला भीती वाटली नाही, हे सांगायला हवं. मला आनंद झाला. मला वाटलं, हिला एखादा असा आवाज ऐकू येतो जो माझं यंत्र वाजवू शकत नाही, फार खालचा, विहिरीच्या पंपाचा किंवा दूरच्या रेल्वेचा, आणि जिथे एक आवाज शिरतो तिथे वाट आहे. बाहेर येऊन मी शकुनताईंना म्हटलं, “काहीतरी आहे. मी अजून शोधतेय.”

त्यांनी पदरानं मुलीचा घाम पुसला. “शोधा, मॅडम. उद्या संध्याकाळलोक आहे ना टाइम.”

५

त्या दोघी गेल्यावर मी कपाट उघडलं, हेडफोन टांगायला.

पाइप वर वाकला होता.

टोकं जागच्या जागी, बोल्ट घट्ट, ठोकळ्यांना चीर नाही. फक्त मधला भाग तीन बोटं वर उचललेला, धनुष्य आडवं धरल्यासारखा. एप्रन आणि चादरी दोन्ही उतारांवरून घरंगळून कडेला गेल्या होत्या. काल ज्याला बंडूभाऊ लोंबकळले तो पाइप.

मी खुर्ची ओढून बसले आणि हिशेब केला. दोन फूट लोखंड इतक्या उन्हानं तापलं तर किती वाढेल. केसाच्या दोन-तीन जाडींइतकं. त्यानं वाक येत नाही. मग खुशालरावनं वाकलेलाच पाइप बसवला असेल. पण मी त्यावर पाणसळ ठेवून पाहिली होती. मी टेबलावरून पाना घेतला, एकेक बोल्ट आवळून पाहिला. कुठेही अर्धा फेरसुद्धा बसला नाही. पाना परत ठेवताना माझ्या लक्षात आलं की मी हे सगळं कपाटाच्या आत डोकं न घालता, हात लांब करून केलं.

बंडूभाऊ गावात चहाला गेले होते. मी त्यांना फोन लावला. नुसता माणसाचा आवाज हवा होता.

“कुठे आहात?”

“इथंच, पाराजवळ. चहा पिऊन राहिलो. आलो पाच मिनटात.”

मी फोन ठेवला आणि मग ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं.

आमच्या घरी वऱ्हाडी बोलायला बंदी होती. कोर्टात शोभेल असं बोला, असं वडील म्हणायचे. मी वऱ्हाडात जन्मले आणि वऱ्हाडी ऐकते ती जराशी अंदाजानं. पण पिऊन राहिलो याचा अर्थ पिऊन मग थांबलो असा होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पितोय. आत्ता. कप हातात आहे, अजून संपलेला नाही.

आतून कोनी उभं राहून राहिलं.

खुशालराव मला पूर्वी घडलेलं काही सांगत नव्हता.

मी कपाटाचं दार लावलं. चिटकनी घातली. मग ती नीट बसली का ते पुन्हा पाहिलं.

६

बुधवारी सकाळी बुडबुडा मध्ये नव्हता. तो कपाटाच्या विरुद्ध टोकाला जाऊन चिकटला होता. कपाटाच्या बाजूचा जॅक चार बोटं जमिनीत गेला होता.

“काळी माती आहे,” बंडूभाऊ म्हणाले. “उन्हाळ्यात भेगा पडतेत, मंग गिळते. आमच्या वावरात लोखंडाची सब्बल गेली होती एकदा, आजलोक नाही भेटली.” त्यांनी जॅकखाली फळी सरकवली आणि शिडीनं वर चढले, टपावरची ताडपत्री बांधायला. थोड्या वेळानं वरून आवाज आला.

“मॅडम, इथं काय झालं? पत्र्याले टेंगूळ आलं.”

मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून पाहिलं. कपाटाच्या बरोबर वर टपाचा पत्रा फुगला होता. मोठी परात पालथी घातल्याएवढा, गुळगुळीत. बंडूभाऊंनी त्यावर मूठ आपटली. पत्रा पोकळ वाजायला हवा होता. तो वाजला नाही.

“आत काही ठेवलं का तुमी?”

“एप्रन,” मी म्हटलं.

ते हसले, मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. “जोडू का गाडी? आत्ता निघू. दोन वाजेलोक अमरावती.”

मी हो म्हणणार होते. पण शिडीवरून मैदान दिसत होतं, आणि मैदानातून शकुनताई येत होत्या, धुतलेला फ्रॉक घातलेल्या मुलीला हाताला धरून. ठरल्या वेळेच्या दोन तास आधी. संध्याकाळी भासरे कागद मागणार होते. मी निघून गेले असते तर कोरा कागद म्हणजे नाहीच, असं त्यांनी धरलं असतं.

चाचणी बाहेर मोकळ्यावर घेता आली असती तर घेतली असती. पण मैदानावर वारा होता, रस्त्यावर ट्रॅक्टर होते. तो कागद कोणी मानला नसता. मीही नसता मानला. उन्हं जरा उतरेपर्यंत त्यांना ट्रेलरच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. बंडूभाऊंना म्हटलं, पाचला निघू.

“मंग मी जेवून येतो,” ते म्हणाले, आणि पिकअप घेऊन गेले. एरवी ते माझ्याबरोबर डबा खायचे.

साडेतीनला मी स्वरालीला घेऊन आत गेले. या वेळी मी बाहेर बसले नाही. यंत्राची कळ लांब वायरीनं आत घेतली आणि तिच्याशेजारी बसले. शकुनताई काचेपलीकडे. कपाटाला चिटकनी होती.

आधी चाचणी पूर्ण केली, एकही पायरी न गाळता. डावा कान, उजवा कान, हाडातून जाणारा आवाज. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत बसली, चिंचोका मुठीत. काही नाही. मी कळ जमिनीवर ठेवली.

तिची नजर माझ्यावरून सुटली आणि कपाटाच्या दारावर गेली, साधारण आपल्या गळ्याइतक्या उंचीवर. तिथे थोडा वेळ थांबली, आणि मग हळूहळू वर सरकू लागली. दाराची वरची कड. कड आणि छत यांच्यामधली फळी. छताचा फोम. तिची मान मागे गेली, वेण्या पाठीवरून सुटून लोंबू लागल्या. ती नजर कुठे अडखळत नव्हती. जत्रेत आकाशपाळण्याचा डबा वर जाताना मुलं बघतात तशी ती वर वर जात होती, आणि जिथे छत होतं तिथे थांबली नाही. आमच्या खाली कुठेतरी ट्रेलरच्या चाकांवरच्या लोखंडी कमानी हळूच कुरकुरल्या आणि काचेपलीकडे टेबलावरचं पेन घरंगळून पडलं.

दार हललं नाही. चिटकनी हलली नाही. मी शपथेवर सांगते, कपाटातून मला काहीही ऐकू आलं नाही.

स्वराली ऐकत होती. मोठं माणूस काही समजावून सांगतं तेव्हा मुलांच्या कपाळावर येते तशी एक बारीक आठी तिच्या कपाळावर होती. मग तिनं मान हलवली.

“हो,” ती म्हणाली.

जाड, ओबडधोबड आवाज. तो तिचा पहिला शब्द होता. काचेपलीकडे शकुनताईंचे दोन्ही तळवे काचेवर पसरले होते.

मी तिला उचललं आणि बाहेर आणलं.

७

कागदावर शेवटचा रकाना असतो, तपासणाऱ्याचं मत. मी पेन उचलून तो बराच वेळ बघत राहिले. शकुनताई मुलीचे मुके घेत होत्या आणि रडत होत्या.

ऐकू येतं असं लिहिलं तर ती इथेच राहील. मशीन लावायला, तपासायला दर महिन्याला मी येईन, ही गाडी घेऊन. दुसरी गाडी माझ्याकडे नाही. आणि गाडी गावात यायच्या आधीच ती मैदानावर येऊन उभी राहील. नाही लिहिलं तर जूनमध्ये ती पन्नास किलोमीटर लांब, पक्क्या भिंतींच्या शाळेत असेल, आणि रात्री हात लावून पाहील तेव्हा शेजारी आई नसेल.

मी लिहिलं: दोन्ही कानांत, यंत्रानं दिलेल्या एकाही आवाजाला प्रतिसाद नाही. खाली सही केली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

शकुनताईंनी तो सावकाश वाचला. “पन थे बोलली. म्या माह्या डोयानं पाह्यलं.”

“मी काही वाजवलं नव्हतं, शकुनताई.”

“मंग कोनाले हो म्हनली?”

मी पेनाला टोपण लावलं.

“तुमाले मशीनवर यकीन आहे, पोरीवर नाही,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “बाहेरून शिकून आल्या तुमी. मले वाटलं, तुमी तरी आयकसान. खोटं लिहून राहिल्या, मॅडम.”

“तिला तिथे शिकवतील. खुणांनी बोलायला शिकेल. मी स्वतः भेटायला जाईन.” मी हे सगळं भरभर म्हटलं. “आणि आता इथे थांबू नका. घरी जा.”

त्यांनी कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. पायऱ्या उतरताना त्यांनी मुलीची चप्पल उचलून हातात घेतली, तिच्या पायात घालायलाही थांबल्या नाहीत.

८

पाच वाजत आले होते. मैदानाच्या टोकाला, रस्त्यावर, भासरे मोटरसायकलवर बसून होते. बंडूभाऊंचा पत्ता नव्हता. मी ट्रेलरच्या दारात उभी होते. मागे बूथचं दार मी बंद केलं होतं आणि त्याला खुर्ची लावली होती.

दोघी मैदानातल्या हापशीपर्यंत गेल्या, हापशी ओलांडली. स्वराली आईचा हात सोडून पुढे धावली, अनवाणी, पाय चटके बसल्यासारखे उचलत. शकुनताईंनी तिला चप्पल दाखवून हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली. नाही. कागदात लिहिलं होतं तसंच.

मग ती आपोआप थांबली. आणि वळली.

कोणी हाक मारली नव्हती. तिनं ट्रेलरकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून, टपाच्या वर, इतकं वर की तिला डोळ्यांवर हात धरायलाही जमेना आणि तोल सावरायला एक पाय मागे घ्यावा लागला. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मान हलवली.

तिचे पाय आता चटके बसल्यासारखे उचलले जात नव्हते. ते का, हे मला क्षणभर कळलं नाही. ट्रेलरची सावली या वेळी हापशीच्या ओट्यापर्यंत जाते. तीन दिवस मी लोकांच्या खुर्च्या त्याच मापानं सरकवत होते. आजही सावलीची कड ओट्याशीच होती. पण कपाटाच्या बाजूनं त्या कडेतून एक पट्टा पुढे निघाला होता, जेमतेम दोन हात रुंद, आणि भर उन्हाच्या मैदानातून सरळ लांब गेला होता. मैदानात झाड नाही. स्वराली सावलीत उभी होती.

मी वर पाहिलं नाही. दारातून एक पाऊल बाहेर टाकून मान वळवली असती तर दिसलं असतं. मी चौकट धरून उभी राहिले.

“आयकलं,” शकुनताई म्हणाल्या. त्या हसत होत्या. “मॅडम, पाहा तुमी. कोनी हात नाही लावला, काही पडलं नाही. आयकलं तिनं.” त्यांनी ब्लाउजमधून कागद काढला, उलगडला आणि तो हातात वर धरून त्या माझ्याकडे यायला लागल्या. “बदलून द्या आता. बदला.”

त्यांना मागे टाकून स्वराली येत होती. ती पट्ट्याच्या मधून चालत होती, मान वर, घाई न करता, बोलावलेलं मूल येतं तशी.

माझ्या मागे बूथच्या दाराला लावलेली खुर्ची सरकली.

“येऊ नका,” मी ओरडले. इतक्या मोठ्यानं की घसा फाटला. “तिथेच थांबा. मागे जा.”

रस्त्यावर भासरे मोटरसायकलवरून उतरले. शकुनताई जागच्या जागी थांबल्या, कागद हातात तसाच.

स्वराली चालत राहिली. मी पुन्हा ओरडले, तिचं नाव घेऊन. तिला ऐकू येत नाही, हे मीच लिहून दिलं होतं.